भीमथडीतील शस्त्रपरवाना : धारण, गोपन आणि शिक्षण (१८७८–२०१६)

१

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर यवत ओलांडले की भांडगाव लागते. दौंड तालुक्यातील ह्या गावच्या रहिवाशास बंदूक किंवा पिस्तूल बाळगावयाचे असेल, तर त्याचा अर्ज पुण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जातो आणि चौकशी यवतच्या पोलीस ठाण्यामार्फत होते. २०१६ च्या शस्त्रनियमांनी ह्या जुन्या वाटेवर दोन नव्या अटी घातल्या. अर्जदाराने हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतले असल्याचे प्रमाणपत्र सादर केले पाहिजे, ही पहिली. आणि परवाना मिळाल्यानंतर सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेताना ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, ही दुसरी.

आजच्या वाचकास ह्या दोन्ही अटी स्वाभाविक वाटतील. तथापि शस्त्रविषयक कायद्याचा मागील इतिहास पाहिला असता त्यांचे नावीन्य ध्यानात येते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने अर्जदारास ते हत्यार चालविता येते की नाही, हा प्रश्न कधी विचारला नाही. त्याचप्रमाणे हत्यार दृष्टिआड ठेवणे ही गोष्ट त्या कायद्यात आली ती केवळ गुन्ह्याची छाया म्हणून. परवानाधारकाचे कर्तव्य म्हणून नव्हे. म्हणजे शिक्षण आणि गोपन ह्या दोन्ही बाबतींत कायद्याची दृष्टी सुमारे एकशे अडतीस वर्षांत पालटली. हा पालट कसा घडला, आणि त्यामुळे राज्य व प्रजा ह्यांच्यातील विश्वासाचे नाते खरोखर किती बदलले, ह्याचा भीमथडीच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत पिस्तूल अंगावर झाकून बाळगण्यासाठी वेगळा परवाना देण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्क राज्याच्या १९११ च्या सुलिव्हन कायद्याने लपविता येण्याजोग्या लहान हत्यारांवर परवान्याचे बंधन घातले. टेक्सससारख्या राज्याने १९९५ मध्ये कायदा करून शिक्षणाच्या अटीवर झाकून बाळगण्याची मुभा दिली. तेथील वादाचा पाया १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत असलेला शस्त्रधारणाचा हक्क हा होय. भारतीय कायद्यात असा हक्कही नाही आणि असा वेगळा परवानाही नाही. येथे संपादन, धारण आणि वहन ह्या सर्वांस एकच परवाना लागतो. हत्यार झाकून नेणे ही त्या परवान्याखालील वहनाची रीत आहे. हा भेद विसरून तुलना केली तर निष्कर्ष चुकण्याचा संभव आहे.

२

भीमेच्या काठचा हा मुलूख शस्त्रांस अपरिचित कधीच नव्हता. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, आणि तट्टांबरोबर ह्या गावांतून शिलेदार व बारगीरही जात. पूर्वीच्या भीमथडी तालुक्यात आजच्या बारामती व दौंड तालुक्यांचा मोठा भाग येत असे. उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुका. पेशवाईच्या अखेरीस १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्याच काठी कोरेगावची लढाई झाली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ह्या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला. गावचे हत्यार मात्र त्या दिवशी संपले नाही. रखवालीचे काम करणारा रामोशी, गावचा पाटील आणि रानातील पीक राखणारा कुणबी ह्यांच्या घरी तलवार, भाला, क्वचित तोड्याची किंवा ठासणीची बंदूक असणे हे गावगाड्याच्या रचनेत बसणारे होते.

ह्या जुन्या व्यवस्थेत हत्यार आणि हत्याराचे शिक्षण ह्यांची फारकत झालेली नव्हती. शिक्षणाचे स्थान म्हणजे तालीम. पुण्याच्या गंजपेठेत लहुजी वस्ताद साळवे ह्यांची तालीम एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध होती. तेथे कुस्तीबरोबर दांडपट्टा, तलवार आणि निशाणबाजी शिकविली जात असे. जोतीराव फुले ह्यांनी तरुणपणी लहुजींजवळ दांडपट्टा व निशाणबाजीचे धडे घेतले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. शिष्य कोणत्या कुळातला ह्यापेक्षा त्याची तयारी किती, हा प्रश्न वस्तादाच्या दृष्टीने महत्त्वाचा असे. हात तयार झाला की नाही हे ठरविणारा अधिकारी वस्ताद होता, सरकारी अंमलदार नव्हे. ह्या मुद्द्याकडे लक्ष वेधण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

कायद्यापूर्वीच्या दशकात ह्या भागातील शेतकऱ्यांच्या असंतोषाने उग्र रूप धारण केले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला, आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. ह्या दंग्यांचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो त्यांच्या दप्तरातील खतांवर व रोख्यांवर होता. कागद हाती लागले की ते जाळले जात. जेथे सावकार ते देण्यास नकार देत तेथे धाकदपटशा व जाळपोळ होई. ज्यांच्या घरी हत्यारे असण्याचा संभव होता अशा समाजाने आपला राग कागदावर काढला. नेमलेल्या चौकशी मंडळालाही अंगावरील हिंसा थोडी झाल्याचे आढळले. तरीही लष्कर व पोलीस गावोगाव हिंडले आणि राज्यकर्त्यांच्या मनात दख्खनच्या शेतकऱ्याविषयी एक नवी शंका रुजली.

३

१८५७ च्या उठावानंतर शस्त्रांसंबंधी तातडीचे कायदे झाले होते. १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने हत्यारांची निर्मिती, आयात व विक्री ह्यांवर नियंत्रण घातले आणि विशिष्ट प्रदेश निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारास दिला. परंतु सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होणारी परवान्याची सर्वंकष पद्धत लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकिर्दीत, १८७८ च्या अकराव्या कायद्याने आली. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. मुद्रण आणि शस्त्र ह्या दोन्हींवर एकाच वर्षी परवान्याची वा जामिनाची सावली पडावी, हा केवळ योगायोग नव्हे.

ह्या कायद्याची रचना पाहता तीन पायऱ्या दिसतात. तेराव्या कलमाने परवान्यावाचून कोणतेही हत्यार घेऊन फिरण्यास मनाई केली. आणि हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे पाते, इतकेच काय, धनुष्यबाणही घातले. चौदाव्या कलमाने बंदुका व दारूगोळा घरी बाळगण्यासही परवाना आवश्यक केला. पंधराव्या कलमाने काही निर्दिष्ट प्रदेशांत कोणतेही हत्यार नुसते घरी ठेवण्यावर तेच बंधन घालण्याची तरतूद केली. ह्याचा गावातील अर्थ असा की, आजोबांची तलवार भिंतीवर राहू शकली, पण ती कमरेला लावून जत्रेस जाता येईनासे झाले. आणि रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक घरातच कागदाच्या अधीन झाली.

शिक्षेसंबंधीची कलमे ह्याहून बोलकी आहेत. एकोणिसाव्या कलमाने सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. विसाव्या कलमाने मात्र, तेच कृत्य सरकारी नोकरास कळू नये अशा उद्देशाने केले असल्यास, तसेच झडतीच्या वेळी हत्यार लपविले असल्यास, सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. दृश्य हत्यार आणि दडविलेले हत्यार ह्यांत कायद्याने केलेला हा भेद दुपटीहून अधिक शिक्षेचा आहे. त्याचा मथितार्थ असा : प्रजेच्या हाती असलेले हत्यार राज्याच्या नजरेसमोर असले पाहिजे, नजरेआड गेलेले हत्यार म्हणजे राज्याविरुद्धचा हेतू. ह्या कलमाचा रोख बिनपरवाना कृत्यांवर होता, परवानाधारकाने आपली बंदूक खोळीत घालून नेण्यावर नव्हता, हे खरे. तथापि गोपनासंबंधी त्या कायद्याने बोललेला शब्द एवढाच होता, आणि तो संशयाचा होता.

कायदा अमलात येऊन वर्ष होण्यापूर्वीच ह्याच मुलखात त्याची कसोटी लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन पिळून निघाला होता. लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके ह्यांनी रामोश्यांच्या साहाय्याने सशस्त्र उठावाची सिद्धता केली, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांच्या टोळीने शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. पुढील महिन्यांत पुणे जिल्ह्यात व कोकणात छापे होत राहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला, तेव्हा शहरात मोठी घबराट उडाली. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. जन्मठेपेची शिक्षा होऊन ते एडनला गेले आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. स्वतः फडके लहुजींच्या तालमीशी संबंधित होते, असे परंपरा सांगते.

ह्या उठावापासून दोन निष्कर्ष निघू शकत होते. हत्यारे थोडी असूनही उठाव होतो, म्हणून त्याची कारणे दुष्काळ व कर्ज ह्यांत शोधावीत, हा एक. हत्यारांवरील पकड आणखी घट्ट करावी, हा दुसरा. राज्यकर्त्यांनी दोन्ही निष्कर्ष काढले. १८७९ मध्येच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि शस्त्रपरवान्याची व्यवस्था जशीच्या तशी राहिली. पहिल्याने शेतकऱ्यास न्यायालयात थोडे संरक्षण दिले. दुसऱ्याने त्याच्या रानातील संरक्षण अंमलदाराच्या मर्जीवर ठेवले. वयात आलेल्या जोंधळ्यावर रानडुकरांचा कळप पडला असता माळ्यावरच्या राखणदाराजवळ गोफण व आरोळी ह्यांखेरीज पुष्कळदा काही नसे.

४

परवान्याची पद्धत सर्वांस सारखी असती तर तिच्यावरील टीका कदाचित इतकी तीव्र झाली नसती. परंतु कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने सरकारास सूट देण्याचा अधिकार दिला होता, आणि त्याखालील नियमांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन ह्यांना वंशाच्या आधारे मोकळीक दिली. हिंदी लोकांपैकी काही पदवीधारक व मानकरी वर्गांनाही सूट मिळे. सामान्य रयतेस ती नव्हती. म्हणजे परवाना हा केवळ सुरक्षिततेचा उपाय न राहता दर्जाचे चिन्ह झाला. ज्याला परवाना लागत नाही तो वरचा, ज्याला अर्ज करून मिळतो तो मधला, आणि ज्याला मागण्याचेही धाडस होत नाही तो खालचा, अशी उतरंड तयार झाली. बंदुकीचा परवाना म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा, हा समज स्वातंत्र्यानंतरही ग्रामीण महाराष्ट्रात टिकला, त्याचे मूळ ह्या काळात आहे.

१८८७ मध्ये मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन भरले, त्यात हत्यारांच्या कायद्यासंबंधी ठराव झाला. त्यातील मागणी काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. सर्वांना हत्यार बाळगण्याची मोकळीक असावी. एखाद्या व्यक्तीस किंवा वर्गास ती नाकारावयाची असेल तर सरकारने कारणे लेखी नोंदवून ती प्रसिद्ध करावीत, असा तिचा आशय होता. मागणी निर्बंधाच्या अभावाची नव्हती. गृहीतक उलटविण्याची होती. कायदा म्हणत होता : अंमलदाराचे समाधान झाले तर मिळेल. राष्ट्रसभा म्हणत होती : कारण दाखविता आले तरच नाकारा. मात्र ह्या मागणीतही शिक्षणाचा विचार नव्हता. दोन्ही पक्षांचे भांडण विश्वासाचे होते. हाताच्या तयारीचे नव्हते.

वंशाधिष्ठित सूट १९२० च्या नियमांनी काढून टाकली, आणि पुढे १९२४ च्या नियमांनी परवान्याची व्यवस्था पुन्हा बांधून दिली. परंतु दरम्यानच्या काळात दडविलेल्या हत्याराविषयीची भीती अधिक गडद झाली होती. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सन ह्यांचा वध केला. त्यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांपैकी होते. ठासणीची लांब बंदूक लपविता येत नव्हती. पिस्तूल कोटाच्या खिशात मावत होते. तंत्रातील ह्या फरकामुळे १८७८ च्या विसाव्या कलमातील संशयास नवे प्रमाण मिळाले, आणि लांब नळीची बंदूक व आखूड नळीचे पिस्तूल ह्यांत पुढील कायद्याने जो भेद केला त्याची पूर्वतयारी झाली.

शिक्षणाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तालमीतून बंदूक गेली. लाठी, लेझीम, दांडपट्टा राहिले; परंतु निशाणबाजी ही एकतर लष्कराची, नाहीतर संस्थानिकांच्या शिकारखान्याची झाली. १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे ह्यांनी नाशिक येथे भोसला मिलिटरी स्कूल काढले, ते ह्याच उणिवेच्या जाणिवेतून. विद्यापीठांतील विद्यार्थिपथके आणि १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेना ह्यांतून महाविद्यालयीन तरुणांच्या हाती रायफल आली, पण ती सरकारच्या शिस्तीखाली व सरकारच्या कोठारातून. हत्यार ज्याच्या घरी आहे त्याला शिक्षण नाही, आणि शिक्षण ज्याला आहे त्याच्या घरी हत्यार नाही, अशी ही विचित्र विभागणी होती.

५

स्वराज्याच्या चळवळीने दिलेले आश्वासन स्पष्ट होते. १९३१ च्या कराची येथील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केलेला होता. घटनासमितीत तो हक्क पुन्हा उपस्थित झाला. डिसेंबर १९४८ च्या आरंभी, आजच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या मसुद्यावरील चर्चेत, ह. वि. कामत ह्यांनी शस्त्रधारणाचा हक्क घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी तिला विरोध केला. व्यक्तीच्या शस्त्रधारणाच्या हक्कापेक्षा तिच्या शस्त्रधारणाच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि असा हक्क सरसकट दिल्यास गुन्हेगारीवर जगणाऱ्यांनाही तो सांगता येईल, हा धोका त्यांनी दाखविला. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत शस्त्रांचा उल्लेख आला तो वेगळ्या रीतीने : शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा हक्क म्हणून.

ही चर्चा ज्या वर्षी झाली त्याच वर्षाच्या ३० जानेवारीस महात्मा गांधींची हत्या झाली होती. पुण्यातून वृत्तपत्र चालविणाऱ्या नथुराम गोडसे ह्याने अंगावर लपवून आणलेल्या बिनपरवाना पिस्तुलाने ती केली, आणि लाल किल्ल्यातील खटल्यात खुनाबरोबर हत्यारांच्या कायद्याखालील आरोपही होते. १८७८ चा कायदा परकीय सत्तेने आपल्या भीतीपोटी केला होता. परंतु ज्या गोष्टीची त्याला भीती होती ती स्वतंत्र देशात, स्वतंत्र देशाच्या सर्वांत वंदनीय पुरुषाविरुद्ध घडली. शस्त्रांच्या बाबतीत नव्या राज्याने जुन्या राज्याचा सावधपणा सोडला नाही, ह्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येत नाही.

तरीही १९५९ चा चोपन्नावा कायदा हा जुन्याची केवळ नक्कल नव्हे. १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आलेल्या ह्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेतच, जुन्या कायद्याच्या जाचामुळे सरळमार्गी नागरिकास स्वसंरक्षणार्थ हत्यार मिळणे कठीण होते आणि दरोडेखोरांस मात्र ते मिळते, अशी कबुली आहे. तेराव्या कलमाने संरक्षणासाठी वा शिकारीसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि खरोखरीच्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, अपात्रतेचे कारण नसल्यास, द्यावा असे सांगितले. इतर हत्यारांसाठी, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ह्यांसाठी, अर्जदाराजवळ सबळ कारण असल्याचे परवाना देणाऱ्याचे समाधान झाले पाहिजे. चौदाव्या कलमात दोन गोष्टी आल्या. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारल्यास कारणे लेखी नोंदविली पाहिजेत. १८८७ च्या ठरावातील लेखी कारणांची मागणी बहात्तर वर्षांनी, अंशतः का होईना, कायद्यात उतरली. मालमत्तेसंबंधीचे वाक्य तर भीमथडीतील अल्पभूधारकासाठीच लिहिले असावे असे वाटते.

गोपनाविषयीची जुनी दृष्टी मात्र सव्विसाव्या कलमात कायम राहिली. गुप्तपणे केलेल्या उल्लंघनास अधिक शिक्षा हे तत्त्व तेथे जसेच्या तसे आले. शिक्षणाचा प्रवेश झाला तो कोपऱ्यातून. वयाची मर्यादा न गाठलेल्यास शिक्षणापुरते हत्यार वापरता येईल, आणि मान्यताप्राप्त नेमबाजी संघाच्या सभासदास सरावासाठी लहान कॅलिबरची रायफल मिळेल, एवढीच तरतूद झाली. ह्या तरतुदीमागे एका मराठी माणसाच्या कार्याचा संदर्भ आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर ह्यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन केली. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा पुढे रूढ झाली. अहमदाबादेत राहिलेल्या ह्या गांधीवादी वकिलाने नागरिकांच्या नेमबाजीची संस्था उभारावी, ह्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. निःशस्त्र ठेवलेल्या समाजाला शिस्तीत हत्यार शिकविणे हा राष्ट्रबांधणीचा भाग आहे, अशीच ती धारणा होती. महाराष्ट्रातील नेमबाजीची परंपरा पुढे ह्याच वाटेने वाढली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्याच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचली. परंतु खेळाचे शिक्षण आणि परवान्याची व्यवस्था ह्या दोन समांतर रेषाच राहिल्या.

६

१९८३ च्या दुरुस्तीने परवान्यासाठी वयाची मर्यादा सोळावरून एकवीस वर्षांवर नेली आणि एका व्यक्तीस तीनांहून अधिक बंदुका बाळगता येणार नाहीत असे ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. ह्या दोन दुरुस्त्यांच्या मध्ये २०१६ चे नियम येतात. हत्यार हाताळण्याच्या व नेण्याच्या सुरक्षित पद्धती, गोळी झाडण्याचे तंत्र, हत्याराची निगा, साठवण आणि वाहतूक ह्यांचे शिक्षण घेतल्याशिवाय सामान्य नागरिकास परवाना मिळू नये, असे प्रथमच निश्चित झाले. त्याचबरोबर पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेताना ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये वा तशाच आवरणात असावे, लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या खोळीत असावी, हत्यार पूर्णतः झाकलेले आणि तरीही वाहकाच्या ताब्यात असावे, आणि सार्वजनिक जागी ते परजू वा झाडू नये, असा नियम झाला.

येथे कायद्याच्या दृष्टीतील वर्तुळ पूर्ण होते. १८७८ मध्ये राज्याला दडविलेल्या हत्याराची भीती होती. २०१६ मध्ये त्याला मिरविलेल्या हत्याराची भीती वाटू लागली. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी, निवडणुकीच्या सभेत खांद्यावर दिसणारी बंदूक, मोटारीतून उतरताना कमरेला दिसणारे पिस्तूल, ही वसाहतकाळातील दर्जाच्या चिन्हाचीच उत्तररूपे होत. झाकण्याची सक्ती त्या प्रदर्शनावरील बंधन आहे. परवानाधारक कोण हे राज्यास ठाऊक आहे. शेजाऱ्यास ते दिसण्याची आवश्यकता नाही. गुप्त उल्लंघनावरील शिक्षा आणि झाकून नेण्याचे कर्तव्य ही म्हणून परस्परविरोधी नाहीत : पहिल्यात राज्यापासून लपविण्यास बंदी आहे, दुसऱ्यात समाजाला दिपविण्यास.

शिक्षणाच्या अटीचा अर्थ ह्याहून खोल आहे. १८७८ पासून परवाना देताना अर्जदार कोण, ह्याचीच चौकशी होत आली : त्याचे घराणे, त्याची निष्ठा, त्याची चालचलणूक, त्याचे वैर. त्याला काय येते, हा वस्तादाचा प्रश्न कायद्यात आला नव्हता. २०१६ च्या नियमांनी तो आणला. पात्रतेचा काही भाग तरी माणसाच्या जन्मावरून व ओळखीवरून त्याच्या शिकलेल्या हातावर गेला. ही बाब समतेच्या दृष्टीने लहान नाही. मात्र तिची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. शिक्षणाची सोय आणि नेमबाजीची मैदाने शहराभोवती असतात. पुण्यातील व्यापाऱ्यास जे प्रमाणपत्र काही फेऱ्यांत मिळेल ते भांडगावच्या शेतकऱ्यास मजुरी व हंगाम बुडवून मिळवावे लागेल. मालमत्तेच्या अभावी परवाना नाकारू नये असे १९५९ चा कायदा म्हणतो. शिक्षणाच्या अंतरामुळे तो आपोआप नाकारला जाणार नाही, हे पाहणे मागच्या दाराने तीच अट येऊ नये म्हणून आवश्यक आहे.

पीक-संरक्षणाच्या बंदुकीची स्थितीही आता वेगळी आहे. १८७५ च्या दंग्यामुळे इतिहासात गाजलेल्या सुप्याजवळच १९९७ मध्ये चिंकारा हरणांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आतील परवानाधारकांना आपली नोंद वनखात्याकडे करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. दौंड व शिरूर तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले, तसा उसात बिबट्या वसू लागला. तो सर्वोच्च संरक्षण असलेला प्राणी आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावार्थ सद्हेतूने केलेली कृती कायदा गुन्हा मानीत नसला, तरी बंदुकीचा परवाना हा बिबट्या मारण्याचा परवाना होत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी कुणबी एके काळी बंदूक मागे ते कारण उरले आहे, पण त्या बंदुकीचा उपयोग पुष्कळसा आटला आहे.

सारांश असा की, भीमथडीतील शस्त्रपरवान्याचा इतिहास हा हत्यारांच्या संख्येचा इतिहास नसून राज्याच्या प्रश्नांचा इतिहास आहे. परकीय राज्याने विचारले : हा माणूस आपल्या बाजूचा आहे काय? स्वतंत्र राज्याने प्रथम विचारले : ह्याच्याजवळ सबळ कारण आहे काय? आणि अलीकडे विचारले : ह्याला ते नीट हाताळता येते काय, आणि तो ते झाकून ठेवील काय? प्रत्येक नवा प्रश्न जुन्यास पुसून टाकीत नाही. तो त्याच्याशेजारी येऊन बसतो. यवतच्या ठाण्यातून आजही अर्जदाराची चालचलणूक तपासली जाते, आणि तिच्याशेजारी आता त्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र असते. ह्या दोन कागदांपैकी पहिला १८७८ चा वारस आहे. दुसऱ्याचा पूर्वज शोधावयाचा तर कायद्याच्या पुस्तकात तो सापडत नाही. त्यासाठी गंजपेठेतील तालमीपर्यंत मागे जावे लागते.